काचेवरची पट्टी

‘‘वर सगळा ठीक आसा मां रे?’’

फोनमधून घनाचा आवाज आला आणि नेहमीप्रमाणे मला हसू फुटलं. हेलियम वायूत राहणाऱ्या माणसाचा आवाज बदकासारखा होतो. सहा फुटी, रापलेल्या, मिशाळ घना कुबलच्या तोंडून तो आवाज ऐकायची मला सवय होती, तरी हसू यायचंच. ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची.

‘‘सगळा ठीक आसा,’’ मी म्हटलं. ‘‘वाऱ्याचो पत्तो नाय, समुद्र ताटासारखो.’’

‘‘आणि आजचो कागद? इलो काय?’’

‘‘इलो.’’

‘‘बघलंस मां?’’

कागद माझ्या कोपराशीच होता. त्यावर माझी सही होती आणि सहीशेजारी कांदाभजीच्या तेलाचा डाग. दुपारच्या चहाबरोबर खलाशांच्या खानावळीतून वर आलेली भजी संपवता संपवताच मी ती सही ठोकली होती.

‘‘बघलंय रे,’’ मी म्हटलं. ‘‘नेहमीचोच आसा. तू जा बिनघोर.’’

‘‘मग जातंय,’’ बदक म्हणालं आणि फोन ठेवला.

घना माझा लहानपणापासूनचा मित्र. मालवणात आमची घरं एका कुंपणाची. पुढे त्याने माझ्या धाकट्या बहिणीशी, वैजूशी लग्न केलं, आणि त्याला या जहाजावर नोकरी मीच लावून दिली. वैजूचा या धंद्याला विरोध होता. ‘‘पाण्याखाली सत्तर मीटर म्हणजे काय गंमत आहे का, दादा?’’ असं ती रडून म्हणाली, तेव्हा मी शेखी मिरवत तिला सांगितलं होतं, ‘‘अगं, जहाज माझ्या हातात असतं. मी वर असताना तुझ्या नवऱ्याला काय होतंय?’’

जहाज खरंच माझ्या हातात असे. आमचं जहाज पाणबुड्यांचं. भर समुद्रात पाय रोवून उभ्या असलेल्या, तेल काढायच्या फलाटाजवळ जाऊन उभं राहायचं आणि पाणबुडे खाली उतरवून नळ दुरुस्त करायचे, हे त्याचं काम. तिथे नांगर टाकता येत नाही, खाली तेलाच्या नळांचं जाळं असतं. म्हणून जहाजाला एका जागी धरून ठेवायचं ते संगणकाने. आपण कुठे आहोत हे तो क्षणाक्षणाला तपासतो आणि तळाचे पंखे फिरवून जहाज तिथल्या तिथे ठेवतो. वरच्या नियंत्रणाच्या खोलीत, म्हणजे ब्रिजवर, त्या संगणकासमोर बसणारा माणूस मी, सुरेंद्र पराडकर.

पाणबुडे डेकवरच्या पोलादी चेंबरमध्ये आठवडेच्या आठवडे राहायचे. आत खालच्या पाण्याइतकाच दाब ठेवलेला, आणि श्वासाला हेलियम, थोडा प्राणवायू मिसळलेला. कामाची वेळ झाली की एका लोखंडी गोळ्यात बसवून त्यांना खाली सोडत. त्याला आम्ही बेल म्हणायचो. बेलमध्ये एक जोडीदार थांबायचा, आणि घना बाहेर पडायचा तो एका जाड नळीच्या टोकाला. श्वासाचा वायू, अंगाला ऊब देणारं गरम पाणी आणि बोलण्याची तार, सगळं त्याच नळीतून यायचं. तिला नाळ म्हणायची पद्धत होती, आणि ती काही थट्टेने पडलेली नव्हती.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच की जहाज जागचं हललं तर काय होतं, ते कळावं. जहाज हललं की बेल हलते, बेल हलली की नाळ ओढली जाते, आणि नाळेच्या टोकाला माणूस असतो.

साडेचारला बेल खाली गेली. फलाटाच्या पायाशी एका गळक्या नळाला घट्ट कडं बसवायचं होतं. सहा वाजता माझी जोडीदारीण पाळीवर आली. तस्नीम मुकादम, रत्नागिरीच्या राजिवड्याची, वय सव्वीस. माझ्या हाताखाली तिला पाच महिने झाले होते.

तस्नीमच्या दोन सवयींची मी मनसोक्त टर उडवत असे. पहिली, पाळी सुरू झाली की ती रंगाऱ्याच्या पिवळ्या पट्टीचा वीतभर तुकडा खिडकीच्या काचेवर उभा चिकटवायची. आपल्या खुर्चीत बसून, डोकं मागे टेकून, पट्टी बरोबर फलाटाच्या पायावर येईल अशी. क्षणाक्षणाला जागा तपासणारा संगणक समोर असताना ही बाई चिकटपट्टीने जहाज मोजायची!

दुसरी सवय कागदाची. किनाऱ्यावरच्या एका कार्यालयाकडून आम्हाला सूर्याच्या हवामानाचं पत्रक यायचं. आम्ही सगळे त्यावर सही करून ते फाइलला लावायचो. तस्नीम ते वाचायची. नुसती वाचायची नाही, पाणबुड्यांनाही समजावून सांगायची. सूर्याच्या दिशेला पंधरा लाख किलोमीटरवर एक उपग्रह ठेवलेला आहे, सूर्यावरून सुटलेलं वादळ आधी त्याला लागतं, मग आपल्याला. अर्धा-पाऊण तास आधी तो सांगतो.

‘‘म्हणजे रापणीच्या वेळचो टेहळ्या,’’ घना एकदा म्हणाला होता. ‘‘जाळा ओढणारे खाली, आणि एक जण उंचावर उभो रवान ओरडता.’’

तेव्हापासून तो दर खेपेला खाली जाण्याआधी कागदाचं विचारायचा. मी तस्नीमला पंचांगवाली म्हणायचो. दोन महिन्यांत वादळाचा इशारा देणारे आठ कागद आले होते आणि आठांपैकी एकाही दिवशी आमच्या जहाजावरचा दिवासुद्धा लुकलुकला नव्हता.

‘‘सर, आजचं पत्रक?’’ तिने आल्या आल्या विचारलं.

‘‘फाइलमध्ये. काही विशेष नाही, पंचांगवाली. आज शुभ दिवस आहे.’’

ती हसली. पट्टी लावून झाली, मग तिने फाइल ओढली. तेवढ्यात माझ्या समोरची धोक्याची घंटी वाजली.

घंटी मोठी नव्हती. अशी घंटी दिवसातून चारदा वाजते. संगणकाला आपली जागा तीन ठिकाणांहून कळायची. उपग्रहांवरून जागा सांगणारी दोन यंत्रं, वेगवेगळ्या कंपन्यांची. तिसरी एक साधी तार, जिच्या टोकाला जड वजन बांधून ते तळाला सोडलेलं असतं. तार किती तिरकी झाली यावरून जहाज किती सरकलं ते कळतं. आता पडद्यावर दिसत होतं की दोन्ही उपग्रहवाली यंत्रं एक सांगताहेत आणि तार दुसरंच. फरक चार मीटरचा.

‘‘वजन घसरलं वाटतं चिखलात,’’ मी म्हटलं. तसं नेहमी व्हायचं. मी तार हिशेबातून काढली आणि ती वर घेऊन पुन्हा सोडायला डेकवर सांगितलं.

‘‘सर, थांबा ना जरा,’’ तस्नीम म्हणाली. ‘‘तारच बरोबर असली तर?’’

‘‘दोघं एकीकडे, एक एकीकडे. कोणाचं ऐकशील?’’

‘‘पण ते दोघं एकाच आकाशातून ऐकतात, सर.’’

मला राग आला. सतरा वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाला ही काल आलेली पोर शिकवणार! तिचा हात फाइलीत होता, तिने कागद वर काढला आणि दोन ओळी वाचल्या असतील नसतील, तिचा आवाज बदलला.

‘‘सर... तुम्ही हे वाचलंत?’’

‘‘बाजूला ठेव तो कागद. आधी काम बघ.’’

तिने कागद ठेवला. तळाचे पंखे जोरात फिरायला लागले होते. पायाखालची फरशी थरथरायला लागली. मी पडद्याकडे पाहिलं. चूक शून्य. जहाज जिथे हवं तिथे, अगदी रेघेवर. पंखे असे का ओरडताहेत, हे मला कळेना. वारा नव्हता, प्रवाह नव्हता, मग एवढा जोर कशाला? तरीही मी पडद्यावरचं ते शून्य बघत बसलो, कारण शून्य बघितलं की आमच्या धंद्यातल्या माणसाला बरं वाटतं.

‘‘सर,’’ तस्नीम अगदी हळू म्हणाली, ‘‘पट्टी बघा.’’

मी तिच्या खुर्चीशी वाकून तिच्या डोळ्यांच्या रेषेतून बघितलं.

सूर्य समुद्राला टेकत आला होता. काचेवरची पिवळी पट्टी जिथल्या तिथे होती आणि फलाटाचा पाय तिच्या मागे नव्हता. तो तिच्या डावीकडे, चांगला हातभर सरकला होता. मी बघत होतो तेवढ्यात आणखी बोटभर सरकला.

जहाज चाललं होतं. संगणक स्वतःच त्याला घेऊन निघाला होता, कारण आकाशाने सांगितलेली जागा खोटी होती आणि तो इमानाने त्या खोट्या जागेकडे चालला होता. खरं सांगणारी तार मी माझ्या हाताने काढून टाकली होती. वजन एव्हाना तळावरून वर निघालेलं होतं.

‘‘लाल दिवा!’’ मी ओरडलो, पण तस्नीमने तो आधीच दाबला होता. लाल दिवा म्हणजे पाणबुड्यांनी हातातलं टाकून बेलमध्ये परत यायचं.

पाणबुड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या डुबकीच्या खोलीतून ब्रागांझाचा आवाज फोनच्या भोंग्यावर आला. ब्रागांझा गोव्याचा, पाणबुड्यांचा मुख्य, कधी आवाज न चढवणारा माणूस.

‘‘ब्रिज, काय चाललंय तुमचं? बेल सरकतेय! घनाची नाळ फलाटाच्या आडव्या खांबामागून गेलीय. तो परत येऊ शकत नाहीये, ऐकताय का? नाळ ताणली गेलीय!’’

‘‘परत घेतो,’’ मी म्हटलं. ‘‘जहाज परत घेतो.’’

‘‘लवकर घ्या! नाळ दबली. वायू बंद झाला त्याचा. पाठीवरच्या बाटलीवर गेलाय.’’

‘‘किती?’’

‘‘त्या खोलीवर चार मिनिटं. फार तर पाच.’’

मी संगणकाकडून जहाज काढून हातात घेतलं. हातात घेतलं म्हणजे एक लहानशी दांडी असते, ती ढकलली की सगळे पंखे तिचं ऐकतात. दांडी पकडली आणि माझ्या लक्षात आलं की ती कुठे ढकलायची हे मला माहीत नाही. आपण कुठून आलो, किती आलो, काही ठाऊक नाही. समोरचे सगळे आकडे खोटे. जास्त ढकललं तर जहाज फलाटावर जाऊन आदळेल, नाही तर पलीकडून नाळ ओढली जाईल. माझा हात दांडीवर होता आणि तो हलत नव्हता. डोळ्यांपुढे वैजू दिसत होती, ओट्याशी उभी, पदराला हात पुसणारी.

‘‘सर,’’ तस्नीम आपल्या खुर्चीत मागे टेकून बसली होती, डोकं टेकवलेलं, एक डोळा मिटलेला. ‘‘मी पट्टी बघते. तुम्ही फक्त माझं ऐका. डावीकडे घ्या. हळू.’’

मी दांडी ढकलली.

‘‘येतोय. येतोय पाय. असंच. जरा जास्त... नाही, कमी करा.’’

‘‘घनाचा श्वास जोरात चाललाय,’’ भोंग्यावर ब्रागांझा सांगत होता. ‘‘कुबल, हळू घे श्वास. हळू, बाबा. हलू नको.’’

भोंग्यातून एक आवाज आला. बदकासारखा, चिरकलेला, शब्द नसलेला. मी तो आवाज आयुष्यात अनेकदा हसत हसत ऐकला होता. त्या क्षणी माझ्या अंगावर जो काटा आला, तो आजही हेलियमचा फुगा हातात घेतलेलं मूल पाहिलं की येतो.

‘‘अजून हातभर,’’ तस्नीम म्हणाली. ‘‘अजून वीत. सर, वेग फार आहे, आता उलटं द्या. उलटं!’’

मी उलटं दिलं. सगळं जहाज कण्हलं. समोरचा पडदा आता ओरडून सांगत होता की जहाज अकरा मीटर चुकलंय. मी त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि तरी डोळा तिकडे जात होता.

‘‘पडद्याकडे बघू नका!’’ ती ओरडली. एरवी माझ्यासमोर चहाचा कपसुद्धा आवाज न करता ठेवणारी मुलगी. ‘‘माझं ऐका! चार बोटं. दोन. थांबा. थांबा, थांबा... धरा!’’

मी धरलं. पाय पट्टीमागे होता.

भोंगा गप्प होता. तस्नीमची मान हलत नव्हती, फक्त तिचे ओठ हलत होते. ती दुआ म्हणत होती की अंतर मोजत होती कोण जाणे. मी देवाचं नाव घ्यायचा प्रयत्न केला, पण एकही आठवेना.

‘‘सैल झाली,’’ ब्रागांझा एकदम म्हणाला. ‘‘नाळ सैल झाली. निघाला तो. खांबाला वळसा घालतोय... ब्रिज, धरून ठेवा, हलवलंत तर याद राखा... बेलमधला जोडीदार नाळ ओढतोय...’’

मग लोखंडावर काहीतरी जड आदळल्याचा आवाज.

‘‘आत आला,’’ ब्रागांझाने सांगितलं. ‘‘बाटली संपलेलीच होती. आत आला आणि कोसळला. पण श्वास घेतोय. घेतोय श्वास.’’

मला दांडी सोडता येत नव्हती. बेल वर येईपर्यंत, पाऊण तास, मी जहाज पट्टीवर धरून ठेवलं आणि तस्नीम एक डोळा मिटून बसून राहिली. अंधार पडल्यावर फलाटावरच्या दिव्यांनी आम्हाला पाय दिसत राहिला.

बेल चेंबरला जोडली गेली, मग मी उठलो. तस्नीमने तो कागद माझ्यासमोर ठेवला. ‘‘हा फाइलला लावू ना, सर?’’ एवढंच तिने विचारलं. त्यावर छापील शिक्का होता, ‘नजरेखालून घातले’, आणि शिक्क्याखाली माझी सही. तेलाचा डाग एव्हाना पसरून पारदर्शक झाला होता.

‘‘मला दे,’’ मी म्हटलं.

चेंबरचं दार लगेच उघडता येत नाही. आतला दाब हळूहळू उतरवावा लागतो, नाही तर माणूस मरतो. चार दिवस घना त्या पोलादी नळकांड्यात असणार होता, माझ्यापासून दोन हातांवर. चेंबरला एक जाड काचेची वाटोळी खिडकी होती आणि बाहेर फोन. रात्री मी तिथे गेलो नाही. माझी छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो.

घना पडून होता, मला बघून उठून बसला. मिशा त्याच, चेहरा मात्र आजारी माणसाचा. फोन उचलून तो म्हणाला, ‘‘वैजूक सांगा नको.’’

‘‘नाय सांगणय.’’

‘‘तुझो काय दोष नाय, सुऱ्या. ब्रागांझान सांगल्यान, सूर्याचा वादळ इला. वादळाक कोण काय करतलो?’’ तो माझी समजूत काढत होता. त्या बदकाच्या आवाजात. ‘‘तू कागद बघलेलंस. कागदातच नसात, तर तू तरी काय करशीत?’’

आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, हे मला कळत होतं. कोणालाही कळलं नसतं. तस्नीम बोलणारी नव्हती. कागद माझ्या खिशात होता आणि जहाजाभोवती चहूकडे समुद्र होता.

‘‘घना,’’ मी म्हटलं, ‘‘मी कागद बघूक नाय. सही केलंय फक्त. तुका खोटा सांगलंय.’’

काचेपलीकडे तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, शिव्या देईल, आणि त्या याव्यात असं मला मनापासून वाटत होतं.

‘‘तू बघलंस म्हणालंस,’’ तो अखेर म्हणाला, ‘‘म्हणान मी गेलंय.’’

ते वाक्य तसल्या हास्यास्पद आवाजात आलं, आणि मी रडायला लागलो. सतरा वर्षं समुद्रावर काढलेला माणूस, डेकवर, दिवसाउजेडी, येणाऱ्या-जाणाऱ्या खलाशांसमोर. घना थांबला. माझं रडून झाल्यावर त्याने काचेवर बोट टकटकवलं.

‘‘खय आसा तो कागद?’’

मी खिशातून काढला.

‘‘आता वाच.’’

‘‘घना, आता कित्याक...’’

‘‘वाच म्हणतंय मां. मोठ्यान.’’

मी डोळे पुसले आणि वाचायला लागलो. ‘‘वेळ दुपारी तीन चाळीस. उपग्रहाने सौर वादळाचा पहिला धक्का नोंदवला आहे. तासाभरात ते पृथ्वीपर्यंत पोहोचेल. आज संध्याकाळी, विशेषतः सूर्यास्ताच्या सुमारास, पश्चिम किनाऱ्याजवळ उपग्रहांवरून मिळणारी जागा चुकीची असू शकते. एकापेक्षा अधिक यंत्रं एकच चूक दाखवू शकतात. आपली जागा दुसऱ्या एखाद्या साधनाने पडताळून पाहावी. बांधकामांच्या जवळची आणि पाण्याखालची कामं उद्या सकाळपर्यंत पुढे ढकलावीत. शंका असल्यास खालील क्रमांकावर विचारावे.’’

खाली क्रमांक होता. तोही मी वाचला. मग वाचायला काही उरलं नाही.

घनाने चेंबरमधल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘‘येवढाच?’’ त्याने विचारलं.

‘‘येवढाच,’’ मी म्हटलं.

सगळं वाचायला एक मिनिटसुद्धा लागलं नव्हतं.